‘विनाकारण’ या शब्दाविरुद्ध

माझा भाचा दहा वर्षांचा आहे. तो स्वमग्न असल्याचे निदान तो चार वर्षांचा असताना झाले. मध्यंतरी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी त्याला न्यायचे होते, तेव्हा बहिणीबरोबर मीही गेलो. कुठे गेलो, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या खोलीतली माणसे वाईट नव्हती आणि माझे भांडण माणसांशी नाही. टेबलापलीकडच्या बाईंसमोर इंग्रजीत छापलेला फॉर्म होता. त्या एकेक ओळ मनात वाचत, तिचे तिथल्या तिथे मराठी करून बहिणीला विचारीत आणि एक ते पाच यांपैकी एका आकड्याभोवती गोल करीत. चौदाव्या ओळीवर त्यांनी विचारले, “विनाकारण अस्वस्थ होतो का? विनाकारण उत्तेजित होतो का?”

बहीण म्हणाली, “होते न मॅडम. पण त्याले कारण राह्यते. तुमाले दिसत नाई, इतकंच.”

बाईंनी क्षणभर वर पाहिले. मग ‘चार’ या आकड्याभोवती गोल केला आणि पंधरावा प्रश्न विचारला. त्यांचेही बरोबरच होते. फॉर्मवर आकड्यांना जागा होती, कारणाला नव्हती.

मी मराठीचा अध्यापक आहे, मानसशास्त्राचा नव्हे. पण मजकूर वाचणे हा माझा व्यवसाय आहे, आणि तो फॉर्म हाही एक मजकूरच आहे. त्याचे लेखक आहेत, त्याची भाषा आहे, त्यात एक गृहीत धरलेला निवेदक आहे. त्या निवेदकाच्या नजरेविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

प्रथम त्या फॉर्मला न्याय देऊ. सिकंदराबादेत, तेव्हा राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने तयार केलेली ही स्वमग्नतेच्या मूल्यमापनाची भारतीय मापनश्रेणी. ती २००९ सालची. तिच्यात ४० विधाने आहेत, सहा विभागांत वाटलेली. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. म्हणजे कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त २००. ७० च्या खाली स्वमग्नता नाही; ७० ते १०६ सौम्य; १०७ ते १५३ मध्यम; त्यापुढे तीव्र. परदेशी श्रेणी महागड्या असतात, त्यांचे प्रशिक्षणही महाग असते. आपल्याकडे जिल्हा पातळीवर वापरता येईल असे साधन असावे, हा तिच्या कर्त्यांचा हेतू स्वच्छ होता. ही श्रेणी स्वमग्नता मोजण्यासाठी आहे, चिंता मोजण्यासाठी नाही, हेही मान्य. परंतु माझ्या पाहण्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या मनाविषयी सरकारदरबारी जो एकमेव कागद तयार होतो, तो हाच. म्हणून त्यात मुलाच्या भीतीचे काय होते, हे विचारले पाहिजे.

भावनिक प्रतिसादाच्या विभागात पाच विधाने आहेत. त्यांपैकी तेरावे असे की, मुलाला धोक्याची भीती वाटत नाही. चौदावे असे की, मूल उघड कारण नसताना उत्तेजित वा अस्वस्थ होते. ही दोन विधाने एकापाठोपाठ एक वाचावीत. जिथे आपण घाबरतो तिथे हे मूल घाबरत नाही, हा एक दोष. जिथे आपण घाबरत नाही तिथे ते घाबरते, हा दुसरा दोष. दोन्हीकडे प्रमाण एकच, आपली भीती. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना हा न्याय ओळखीचा आहे. आमच्या बोलीची तपासणी अशीच होत आली. पुण्याकडचा ‘आहे’ शुद्ध आणि आमचा ‘हाये’ अशुद्ध. बोलीला स्वतःचे व्याकरण असते, हे मान्य व्हायला फार काळ जावा लागला. स्वमग्न मुलाच्या भीतीलाही व्याकरण असते. ते शिकण्याऐवजी तिच्यावर ‘विनाकारण’ असा शेरा मारणे म्हणजे बोलीवर लाल शाई फिरवणेच.

मूळ इंग्रजी विधानात ‘उघड दिसणारे कारण नसताना’ असे शब्द आहेत. ‘उघड दिसणारे’ या शब्दांत निदान पाहणाऱ्याची कबुली होती, की मला कारण दिसले नाही. तोंडी मराठी करताना ती कबुलीही गळून पडली आणि ‘विनाकारण’ उरले. पाहणाऱ्याच्या दृष्टीची उणीव त्या एका शब्दाने मुलाच्या स्वभावाचा दोष झाली.

आता कारण काय होते, ते सांगतो.

बहिणीच्या गावी उन्हाळ्यात वीज जाते. दुपारी लाइट गेली की घरातले सगळे वैतागतात. कूलर बंद, पंखा बंद. भाचा मात्र शांत होतो. ओट्यावर येऊन बसतो, पायाने माती उकरत राहतो. तासाभराने लाइट येते. घरातली, शेजारची पोरे एका आवाजात ओरडतात, ‘आली, आली!’ त्याच क्षणी कूलर, पंखा, टीव्ही, फ्रिज आणि मागच्या विहिरीवरची ऑटो लावलेली मोटार एकदम सुरू होतात. भाचा कानांवर हात दाबून किंचाळतो आणि भिंतीवर डोके आपटतो. घर आनंदात असताना रडणारे पोर बाहेरच्याला विनाकारण रडणारेच वाटणार. बहिणीला हे उमगायला दोन उन्हाळे लागले.

गोष्ट इथे संपत नाही. भाचा फार कमी बोलतो, पण ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी पुन्हा म्हणतो. गेल्या वर्षीपासून तो कुठेही, भर दिवसा, ‘लाइट गेली, लाइट गेली’ असे म्हणू लागला. लग्नाच्या मांडवात डीजे सुरू झाला की ‘लाइट गेली’. शाळेत घंटेपूर्वी पोरांचा गलका झाला की ‘लाइट गेली’. फॉर्मवर याची नोंद ऐकलेल्या शब्दांची पुनरुक्ती म्हणून झाली, आणि निरर्थक शब्दांच्या विधानालाही गुण मिळाले.

लक्षणाशक्ती आम्ही बी.ए.च्या वर्गात शिकवतो. मुख्य अर्थाला बाध यावा, मुख्य अर्थाशी काही संबंध असावा आणि रूढी किंवा प्रयोजन असावे, या तीन अटी मम्मटाने घातल्या आहेत. मांडवात झगझगीत दिवे लागलेले असताना ‘लाइट गेली’ म्हणणे, हा मुख्यार्थाचा बाध. लाइट गेली की आवाज थांबतो, हा संबंध. आणि ‘हे थांबवा, मला भीती वाटते’ हे प्रयोजन. एका दहा वर्षांच्या, जवळजवळ न बोलणाऱ्या मुलाने आपल्या भीतीसाठी लक्षणा योजली, आणि आम्ही तिला निरर्थक म्हणून पाच गुण दिले.

हे माझे साहित्यिक लाड आहेत असे कोणी म्हणू नये. बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेची ओळख करून दिली. त्याच लेखात त्यांनी या मुलांच्या भीतीची नोंद केली होती. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहते पाणी, अंडी फेटण्याचे यंत्र, इतकेच काय, वारासुद्धा त्यांना घाबरवी. सारे काही जसेच्या तसे राहावे या हट्टाच्या मुळाशी त्यांना चिंता दिसली होती. पुढे १९४६ साली त्यांनी या मुलांच्या असंबद्ध वाटणाऱ्या बोलण्यावर स्वतंत्र लेख लिहिला आणि ते बोलणे रूपकात्मक असते, त्याचा उगम मुलाच्या एखाद्या खाजगी अनुभवात सापडतो, असे दाखवले. सुमारे ८० वर्षांपूर्वी जे निदानकर्त्यानेच सांगितले, ते आपल्या रकान्यांत उतरलेले नाही.

आता जगाकडे पाहू. स्वमग्न मुलांपैकी किती मुलांना त्रासदायक चिंता असते, याविषयीच्या अभ्यासांचा एक आढावा २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर होते, शेकडा ११ ते ८४. आमच्या बाजार समितीत सोयाबीनचे एकच पोते एका काट्यावर ११ किलो आणि दुसऱ्यावर ८४ किलो भरले, तर शेतकरी काटा उचलून फेकील. अभ्यासांतली मुले वेगळी होती, व्याख्या वेगळ्या होत्या, हे खरे. पण काटेही वेगळे होते. २०११ साली ३१ अभ्यासांतल्या २,१२१ मुलांची आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हा शेकडा ४० मुलांना किमान एक चिंताविकार असल्याचे दिसले. एरवी जगभरच्या मुलांत हे प्रमाण शेकडा साडेसहाच्या आसपास मानले जाते. म्हणजे कमी-अधिक काही धरले, तरी ही भीती अपवादात्मक नाही.

काटे चुकतात ते का? ते बोलक्या मुलांसाठी बनवलेले असतात. एक प्रसिद्ध प्रश्नावली घ्या. ४१ प्रश्न, प्रत्येकाला ० ते २ गुण, एक प्रत मुलासाठी आणि एक पालकांसाठी. अनोळखी माणसांशी बोलताना संकोच वाटतो का, अशा धाटणीचे प्रश्न. जे मूल कुणाशीच बोलत नाही, त्याच्या बाबतीत ‘होय’ म्हटले तर स्वमग्नतेचीच मोजणी दुसऱ्यांदा चिंता म्हणून होते. ‘नाही’ म्हटले तर खरी भीती सुटते. शिवाय पुष्कळ स्वमग्न मुलांना आपल्या आत जे चालले आहे त्याला नाव देणे जड जाते. छातीत धडधडते हे कळते, पण ती भीती आहे हे कळत नाही. मग मुलाचे उत्तर आणि आईचे उत्तर जुळत नाही. कोणी म्हणेल, शरीरच मोजा. नाडी, घाम, लाळेतली रसायने. पण नाडी आनंदाने उड्या मारतानाही वाढते, आणि मनगटावर बांधलेला पट्टा हेच कित्येक मुलांच्या भीतीचे कारण होते.

२०१४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात ५९ मुलांकडे वेगळ्या रीतीने पाहिले गेले. शेकडा १७ मुलांत पुस्तकात असते तशी चिंता आढळली. शेकडा १५ मुलांत केवळ पुस्तकाबाहेरची होती. म्हणजे बदलाची, अनिश्चिततेची, इतरांना विचित्र वाटणाऱ्या वस्तूंची भीती. आणि शेकडा ३१ मुलांत दोन्ही. केवळ पुस्तक हातात धरून बसले असते, तर त्या १५ टक्क्यांच्या नावापुढे ‘चिंता नाही’ अशी नोंद झाली असती. आमच्याकडे तीच नोंद ‘विनाकारण’ अशी होते.

भीतीची नोंद चुकली की उपायही चुकतो. स्वमग्न मुलांच्या चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन या औषधाला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. औषधाविरुद्ध माझी तक्रार नाही. काही घरांत त्याने दिवस सुसह्य केले आहेत. पण जे मूल भ्याले आहे त्याची नोंद ‘आक्रमक’, ‘हट्टी’, ‘त्रागा करणारे’ अशी झाली, की पुढची सारी माणसे त्याला शांत करायला धावतात. त्याला निर्भय करायचे आहे, हे कोणाच्या मनातच येत नाही.

भाषांतराविषयी बोलायचे, तर चूक आमच्या विषयाच्या माणसांकडे येते. इंग्रजी प्रश्नावलीतल्या ‘वरी’ला मराठीत सर्रास ‘काळजी’ लिहिले जाते. पण मराठीत काळजी ‘करतात’ तशी काळजी ‘घेतात’ही. “तो काळजी करतो का?” असे विचारले तेव्हा बहीण हसून म्हणाली होती, “थो कायची काळजी करते? काळजी आमी करतो.” उत्तर अगदी बरोबर, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचे होते. मराठीत भीती शरीरात राहते. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, हातपाय गळतात, जीव थाऱ्यावर राहत नाही. आईला हे विचारा, ती लगेच सांगेल केव्हा आणि कशाने. मुलाला हेच विचारलेत, तर शब्दशः अर्थ घेणारे मूल पोटाला हात लावून पाहील आणि गोळा नाही असे सांगेल. म्हणजे आईसाठी एक भाषा लागेल, मुलासाठी दुसरी, चित्रांची वा वस्तूंची. आणि मानोरा, मंगरूळपीर तालुक्यांतल्या तांड्यावर जिथे घरात गोरमाटी बोलतात, तिथे तिसरी. हे काम कोणी करायचे? इंग्रजी फॉर्मचे घाईघाईने तोंडी भाषांतर करणाऱ्या, बाहेर ३० माणसांची रांग असलेल्या बाईंनी?

येथे माझे काही साहित्यिक मित्र मध्ये पडतात. त्यांचे म्हणणे असे की, मन मोजण्याचा हव्यासच चुकीचा. मुलाला आकड्यात बसवू नका, त्याला त्याच्या विश्वात राहू द्या. ऐकायला हे गोड आहे. पण ४० टक्के हा आकडा कागदावर नसेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या राखीव जागा आणि पुष्कळशा योजना त्या मुलापर्यंत पोचत नाहीत. आणि एखाद्या उपचाराने मुलाची भीती कमी झाली की नाही, हे मोजल्याशिवाय कळणार कसे? ‘मोजू नका’ म्हणणे ज्यांचे पोर भिंतीवर डोके आपटत नाही त्यांना परवडते. मोजणी हवीच. प्रश्न इतकाच आहे की काटा कोणी बनवला आणि बनवताना कोणाला विचारले.

या मित्रांचा लाडका शब्द ‘स्वमग्न’. ‘मग्न’ हा मराठीत सुखाचा शब्द आहे. भजनात मग्न, वाचनात मग्न. मूळ ग्रीक ‘स्व’चे भाषांतर करताना आपण त्याला ‘मग्न’ जोडले आणि त्या मुलाभोवती एक समाधी उभी केली. जो मग्न आहे तो भ्यालेला कसा असेल? शब्द रूढ झाला आहे, मीही तोच वापरला आहे. पण त्याने आपल्याला भीती दिसेनाशी केली, हे तरी कबूल करू.

दुसरीकडे हे जमले आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला २०१६ साली स्वमग्न मुलांच्या चिंतेसाठी २४ प्रश्नांची श्रेणी झाली. तिच्यात अनिश्चिततेच्या भीतीला स्वतंत्र विभाग आहे. अमेरिकेत २०१९ साली पालकांनी भरायची २५ विधानांची श्रेणी झाली. ती करताना आधी आईवडिलांना गटागटाने बसवून विचारले, की तुमचे मूल घाबरले हे तुम्ही कशावरून ओळखता? त्यांच्या उत्तरांतून विधाने घडली. म्हणजे बहीण त्या खोलीत जे सांगू पाहत होती, तिथूनच तिथे सुरुवात झाली. त्या श्रेणी जशाच्या तशा आणून उपयोग नाही. पद्धत आणता येईल.

आमचा वाशीम जिल्हा मोजमापाला नवखा नाही. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. तेव्हा ४९ निर्देशक ठरले. आरोग्य व पोषण ३० टक्के, शिक्षण ३० टक्के, शेती व पाणी २० टक्के, उरलेल्या दोन क्षेत्रांना १०-१० टक्के. मुलांची वजने मोजली गेली, ते चांगलेच झाले. मुलांच्या भीतीला त्यात रकाना नव्हता. आता २०२४ पासून वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यात मराठीचे विभाग असलेली महाविद्यालये आहेत. दरवर्षी आमच्या एम.ए.च्या मुलांना प्रकल्पासाठी विषय सापडत नाहीत. या दोन ठिकाणच्या माणसांनी एकत्र बसून कारंज्याच्या, रिसोडच्या, मालेगावच्या आयांना ऐकावे आणि वऱ्हाडीत व गोरमाटीत ५० वाक्ये गोळा करावीत, यात अशक्य काय आहे? आणि तोवर एवढे तरी करावे. चौदाव्या ओळीसमोर एक रिकामी जागा सोडावी आणि तिथे लिहावे, ‘आईच्या मते कारण’.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सांगितले आहे की, काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात झाला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. स्थानिक व्याख्यानांत हा दाखला देऊन आम्ही टाळ्या घेत आलो आहोत. साहित्य म्हणजे शब्द आणि अर्थ यांचे एकत्र असणे, हेही वर्गात सांगतो. त्याच गावच्या परिसरात एक मूल ‘लाइट गेली’ म्हणते, आपण शब्द ठेवतो, अर्थ टाकून देतो आणि उरलेल्याची टक्केवारी काढतो.

प्रमाणपत्र मिळाले. नंतर बहिणीने माझ्या सांगण्यावरून पंधरा दिवस एक वही ठेवली. भाचा अस्वस्थ झाला की वेळ, आधी काय घडले, कशाने थांबला, असे तीन रकाने. वहीत २३ नोंदी आहेत. १९ ठिकाणी कारण लिहिले आहे: कुकरची शिट्टी, नवीन चादर, नेहमीच्या रस्त्याने न नेणे, वर्गातल्या बाई रजेवर. चार ठिकाणी तिला कारण सापडले नाही. तिथे तिने ‘विनाकारण’ लिहिलेले नाही. ‘माहीत नाही’ असे लिहिले आहे.